ऑगस्टमधल्या अकरा पेट्या

वाचकाचं पत्र

काका,

मी देवगड तालुक्यातली. रत्नागिरीत राहून बी.एस्सी. आयटी पूर्ण केलं. नोकरी शोधतेय, तोवर घरीच आहे. बाबांची हापूसची कलमं आहेत आणि पेट्यांचा सगळा हिशेब ते वहीत ठेवतात. म्हटलं, पायथनमध्ये त्यांना एक छोटा प्रोग्रॅम करून द्यावा. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, "आता हाताने कोड कोण लिहितं? एआय लाव, दहापट काम होईल." म्हणून व्हीएस कोड या एडिटरमध्ये कोपायलट हे एआय सहाय्यकाचं साधन घातलं. मी एक ओळ लिहिली की ते राखाडी अक्षरांत पुढच्या दहा ओळी दाखवतं. मी टॅब दाबत गेले. अर्ध्या तासात प्रोग्रॅम तयार!

चालवला तर एरर आली. चॅटमध्ये लिहिलं, "एरर काढ." त्याने काढली. पण आता प्रोग्रॅम हंगामाच्या एकूण १६८ पेट्या दाखवतो आणि बाबांच्या वहीत आहेत ४१२. वर ऑगस्ट महिन्यात ११ पेट्या गेल्या असंही म्हणतो. बाबा हसले. म्हणाले, "माझो हिशेब बोटार, तुझो डब्यात."

मला कोड वाचता येतो, पण हा कोड माझा वाटत नाही. हे शिकणं आहे की कॉपी? शिकायचं तर सुरुवात कुठून करू? पैसे भरावे लागतील का? आणि आमच्याकडे लाईट नि रेंज, दोन्हींचा भरवसा नाही. सोबत कोड आणि वहीवरून टाइप केलेली फाइल जोडली आहे. गणपतीला चुलतभाऊ येईल, त्याच्या आत काहीतरी धड दाखवता आलं तर बरं.

– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर

बाय गो,

तुझं पत्र मिरगाच्या पहिल्या पावसात आलं. इथे गुहागरात सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून पडवीत बसून लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर तुझा कोड वाचला. आधी ऑगस्टच्या अकरा पेट्यांचा निकाल लावू, कारण तुझ्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या पेट्यांतच भरलेली आहेत.

वहीवरून टाइप करताना तू तारखा आपण लिहितो तशा लिहिल्यास: आधी दिवस, मग महिना. ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल. तारीख वाचायची ओळ मात्र तू लिहिलेली नाहीस, ती टॅब दाबून आली आहे आणि तिच्यात आधी महिना, मग दिवस असा क्रम आहे. ही अमेरिकेतली पद्धत. त्यामुळे तुझे पाच एप्रिल झाले चार मे. आठ मार्च, आठ एप्रिल आणि आठ मे या तिन्ही दिवशी गेलेल्या पेट्या जाऊन बसल्या ऑगस्टच्या तीन, चार आणि पाच तारखेला. तुझ्या प्रोग्रॅमचा महिनावार तक्ता नीट बघ. वर्षाच्या बाराही महिन्यांत पेट्या दिसतील, पण प्रत्येक महिन्यात फक्त तीन, चार नि पाच याच तारखांना. श्रावणात हापूस, दिवाळीत हापूस! तुझ्या बाबांना एवढं उत्पन्न कळलं तर ते हसायचे थांबतील.

आता १६८ चं कोडं. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढच्या ओळी आल्या की प्रोग्रॅम अडणारच, कारण तेरावा महिना कुठून आणायचा? तीच तुला पहिल्यांदा दिसलेली एरर. ती अगदी शहाणी एरर होती. अमुक तारीख या क्रमात बसत नाही, असं ती स्वच्छ सांगत होती. तू मात्र म्हणालीस, "एरर काढ." सहाय्यकाने सांगितलेलं काम तंतोतंत केलं: त्या ओळीभोवती ट्राय-एक्सेप्ट घातलं आणि चूक आली की 'कंटिन्यू', म्हणजे ती नोंद सोडून गुपचूप पुढे. महिन्याचे पहिले बारा दिवस तेवढे मोजले गेले, बाकी सगळे गाळात. बागेत माकडं शिरली म्हणून कुत्रा भुंकत होता. तू म्हणालीस भुंकणं थांबव, त्याने कुत्र्याचं तोंड बांधलं.

कोपायलटला दोष देण्याआधी ते काय करतं हे समजून घे. तू टाइप करत असतेस तेव्हा कर्सरच्या मागचा-पुढचा मजकूर, फाइलचं नाव, उघड्या असलेल्या इतर फाइलींतला थोडा भाग असं सगळं गोळा करून ते दूरच्या सर्व्हरवरच्या मॉडेलकडे पाठवतं. मॉडेलने जगभरचा प्रचंड कोड पाहिलेला आहे. अशा ओळींनंतर पुढे बहुधा काय येतं, याचा अंदाज ते तुकड्या-तुकड्याने बांधतं. तू तारखांबद्दल काही सांगितलं नव्हतंस, म्हणून त्याने एक सवयीचा क्रम उचलला. तुझी फाइल देवगडची आहे आणि आंबा मार्च ते मे जातो, हे त्याला कुठून कळणार? अंदाज चुकला तरी अक्षरं तितक्याच ठाम वळणाची येतात, ही खरी अडचण. माणूस बिचकत बोलला की आपण सावध होतो. हा कधी बिचकत नाही.

त्या राखाडी अक्षरांना धंद्यात 'घोस्ट टेक्स्ट' म्हणतात. कोकणातल्या माणसाला भुताची ओळख करून द्यायला नको. रात्री बाहेरून हाक आली तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही, असं माझी आजी बजावायची. टॅब ही ओ आहे. तू पहिल्याच हाकेला दर वेळी ओ देत गेलीस.

म्हणून पहिले काही दिवस बोटांना दुसरी सवय लाव. सूचना दिसली की आधी वाच. नको असेल तर एस्केप. आवडली पण सगळी नको असेल तर कंट्रोल धरून उजवा बाण दाब, म्हणजे ती एकेका शब्दाने आत येते. हे बटण बहुतेकांना महिनोन्‌महिने माहीतच नसतं आणि नवशिक्याला टॅबपेक्षा तेच जास्त उपयोगी. शब्द-शब्द घेताना डोळा त्यावरून फिरतोच. तारखेच्या त्या ओळीत 'महिना' आधी आलेला तुला तिथेच दिसला असता. आणि डोकं शांत ठेवून स्वतः लिहायचं असेल तेव्हा खालच्या पट्टीवरच्या कोपायलटच्या चिन्हावर जाऊन सूचना थोडा वेळ बंद करता येतात. मी सकाळचा पहिला तास त्या बंदच ठेवतो. म्हातारपणाचा हट्ट म्हण हवं तर.

सुरुवात कुठून करू, हा तुझा खरा प्रश्न. माझं उत्तर तुझ्या चुलतभावाला पटणार नाही: ज्याचं उत्तर तुझ्याकडे आधीच आहे, तिथूनच. इंटरनेटवरचे शिकवणीवाले तुला टू-डू लिस्ट करायला लावतील, हवामानाचं ॲप करायला लावतील. ती चुकली तरी तुला कळणार नाही, कारण बरोबर काय होतं हे तुला ठाऊकच नसतं. वहीचं तसं नाही. तिच्यात ४१२ लिहिलेले आहेत. ऑगस्टात हापूस जात नाही हे तुला कुठल्याही पुस्तकाविना माहीत आहे. म्हणून तर तू मला पत्र लिहिलंस! तुझ्या जागी पुण्यातल्या एखाद्या पोराने हाच प्रोग्रॅम केला असता तर त्याने १६८ हा आकडा छान आलेखात रंगवून दिला असता.

एक माझी गोष्ट सांगतो. नव्वदीच्या दशकात मी मुंबईत फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहायचो. एका पतसंस्थेचं व्याजाचं काम होतं. माझ्या वरिष्ठाच्या फ्लॉपीवरून एक तयार तुकडा उचलला आणि न वाचता चिकटवला. तेव्हा एआय नव्हतं, फ्लॉपी होती, रोग तोच. तीन महिने व्याज चुकीचं निघत होतं. चूक धरली तिथल्या एका जुन्या बाईंनी. त्यांना संगणक येत नव्हता, वही येत होती. दोन खात्यांचं व्याज त्यांनी पेन्सिलने काढलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून कुठल्याही प्रोग्रॅमला मी आधी दोन हाताने सोडवलेली उदाहरणं घालून बघतो.

तूही तेच कर. वहीतल्या फक्त दहा ओळी घेऊन वेगळी फाइल बनव. त्यात एक तारीख पाच एप्रिल असू दे आणि एक वीस एप्रिल, म्हणजे दोन्ही बाजूंची चूक उघडी पडेल. एक ओळ मुद्दाम बिघडवून ठेव, पेट्यांच्या जागी रिकामं सोड. दहांची बेरीज बोटांवर कर, बाबांच्या पद्धतीने. मग प्रोग्रॅम चालव. जमल्यास सहाय्यकालाच सांग की या दहा ओळींसाठी टेस्ट लिही, आणि अपेक्षित उत्तर तू दे, त्याला काढू देऊ नकोस. नाहीतर तो स्वतःच पेपर काढतो, स्वतःच सोडवतो आणि स्वतःलाच पैकीच्या पैकी देतो.

आता सांगायचं कसं, ते. बागेत नवा गडी आला तर बाबा त्याला "आंबे काढ" एवढंच सांगून घरी येतात का? कुठल्या कलमाचा आंबा तयार आहे, देठ किती ठेवायचा, डाग असलेला वेगळा ठेवायचा, हे सगळं सांगतात, आणि पहिल्या दिवशी झाडाखाली उभे राहतात. गडी कष्टाळू आहे म्हणून त्याला तुझी बाग माहीत आहे असं होत नाही. इथेही "पेट्यांचा हिशेब लिही" असं म्हणू नकोस. असं लिही: फाइलीत प्रत्येक ओळीत तारीख, दलालाचं नाव, पेट्या, प्रत्येक पेटीतले डझन आणि पट्टीत, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशेबात, आलेली रक्कम आहे. तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने आहे. पेटीतले डझन सारखे नसतात, फळाच्या आकाराप्रमाणे बदलतात. भाडं, हमाली आणि बाकी खर्च पट्टीत ज्या क्रमाने वजा झालेत तसेच वजा कर. एखादी ओळ वाचता आली नाही तर गाळू नकोस, ओळीचा क्रमांक दाखव आणि थांब. हे सगळं मराठीत लिहिलंस तरी चालतं, ते समजतं. मी तर गुहागरी वळणाचं मराठी लिहितो तरी अडत नाही. व्हेरिएबलची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेव, पुढे कुणाबरोबर काम करायचं झालं तर सोपं जातं. एरवी पायथन ३ ला देवनागरीचं वावडं नाही. 'पेटी' नावाचं व्हेरिएबल चालतं, आणि वहीतल्यासारखे ४५ असे देवनागरी आकडे मजकूर म्हणून आले तरी मजकुराचा पूर्णांक करणारं त्याचं इंट फंक्शन ते बरोबर ओळखतं. आहे की नाही गंमत!

गडी आणि सहाय्यक यांत एक फरक आहे. गडी पुढच्या वर्षी आला की त्याला कलमं ओळखीची असतात. याच्याशी नवी चॅट उघडलीस की तुझी मागची समजूत बहुतेक पुसलेली. म्हणून हे घरचे नियम एकदाच लिहून ठेवायची सोय आहे: प्रोजेक्टमध्ये 'डॉट गिटहब' नावाचा फोल्डर करून त्यात 'कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स डॉट एमडी' ही साधी मजकुराची फाइल ठेवायची. चॅटमधल्या प्रत्येक विचारणीसोबत ती आपोआप जोडली जाते. तारखेचा क्रम, डझनांची गोष्ट, ओळ न गाळण्याची ताकीद तिथे घाल. आणखी एक घाल: रक्कम रुपयांत नको, पैशांत, पूर्णांकात धर. रुपये अपूर्णांकात ठेवले की पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३ च्या पुढे भलंमोठं शेपूट लावून येतं. तो कोपायलटचा दोष नाही, संगणक दशांश ज्या रीतीने साठवतो तिचा आहे. पण पट्टी जुळवताना चार पैशांचा फरक तुला रात्रभर जागवेल.

चॅटमध्ये साधारण दोन वाटा दिसतील. एका वाटेने नुसतं विचारायचं, तो सांगतो, फाइलीला हात लावत नाही. दुसरी एजंटची: तो स्वतः फाइली बदलतो, टर्मिनलमध्ये कमांड चालवायची परवानगी मागतो, अडला तर स्वतःच दुरुस्त करू बघतो. तुला सध्या पहिलीच पुरे. त्या राखाडी ओळींपेक्षाही तुझा जास्त फायदा इथे आहे. एखादा तुकडा निवडून कंट्रोल आणि आय दाबलंस तर तिथल्या तिथेच छोटी खिडकी उघडते. तिथे विचार, "ही ओळ काय करते? कुठली फाइल दिली तर ही मोडेल?" आणि पुन्हा एरर आली तर "काढ" म्हणू नकोस. विचार, "ही एरर मला काय सांगतेय? दुरुस्ती करू नकोस, फक्त कारण सांग." तारखेचा घोळ त्याने पहिल्या झटक्यात सांगितला असता, याची मला जवळजवळ खात्री आहे. विचारणारीनेच तोंड बांधायला सांगितलं, त्याला तो काय करणार?

एजंटकडे वळशील तेव्हा आधी गिट शीक. हे २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी बनवलं. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवतं आणि हवं तेव्हा मागे जाता येतं. तुझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नोंद ठेवायला इंटरनेट लागत नाही. व्हीएस कोडमध्ये डाव्या बाजूला त्याचं वेगळं पान आहे, तिथे काय बदललं ते लाल-हिरव्यात दिसतं. एजंटला काम सांगण्याआधी एक कमिट, म्हणजे एक नोंद, काम झाल्यावर लाल-हिरवं वाचून दुसरं. एजंट पाच फाइलींत हात घालून बसलेला असताना तुमच्याकडची रेंज गेली तर काय होईल, हे तुला सांगायला नको. अर्धवट बदललेलं घर तसंच उघडं. कमिट असेल तर एका कमांडमध्ये कालच्या जागी.

तो एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, बसवायला सांगेल तेव्हाही आधी नाव तपास. अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव तो कधीकधी आत्मविश्वासाने ठोकून देतो, आणि अशी नावं हेरून त्याच नावाने घातक कोड टाकून ठेवणारी माणसंही आहेत. पायपीआय या पायथन लायब्ररींच्या साठ्यावर जाऊन बघायला अर्धं मिनिट लागतं. तुझ्या कामाला तसं पायथनसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल भरपूर झालं.

लाईट आणि रेंजचं थोडक्यात. नेट गेलं की सूचना थांबतात, एडिटर आणि पायथन चालू राहतात. बाहेरून काही घडलं तरी तुझं काम अडू नये इतपत स्वतःला यायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका एकदा उतरवून लॅपटॉपवर ठेव. आपल्याच यंत्रावर चालणारी मॉडेलंही असतात, पण साध्या लॅपटॉपवर त्यांतली लहानच धावतात आणि तीही धापा टाकत. आत्ता त्या फंदात पडू नकोस.

पैसे? नकोत. कोपायलटचा फुकटचा प्लॅन डिसेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा त्यात महिन्याला २००० सूचना आणि ५० चॅट संदेश होते. कंपन्या हे आकडे बदलत असतात, म्हणून घेताना त्यांच्या पानावरचा चालू आकडा बघ. पण एका वहीच्या हिशेबाला एवढ्यात काम होतं. मर्यादा संपत आली की माणूस प्रश्न विचार करून विचारतो, हाही एक फायदाच. शिकणाऱ्यांना ओळख पटवून जास्तीच्या सोयी मिळतात. पुढे एम.एस्सी.ला नाव घातलंस तर तेव्हा अर्ज कर. आणि हे कोपायलटचं सांगतोय कारण तू ते घातलंयस. कर्सरसारखे दुसरे एडिटर आहेत, टर्मिनलमध्ये चालणारी साधनं आहेत. महिनाभर तरी दुकानं बदलत फिरू नकोस.

एक सांगायचं राहत होतं, आणि ते महत्त्वाचं. तू मला पाठवलेल्या फाइलीत दलालांचे मोबाइल नंबर आणि बाबांचा बँक खाते क्रमांक होता. मी ते आकडे पुसून टाकले. पण उघडी फाइल सहाय्यकामार्फत सर्व्हरकडेही जाऊ शकते, हे ध्यानात ठेव. असे रकाने काढून खोट्या नावांची फाइल कर आणि कोड लिहिताना तीच उघडी ठेव. खरी फाइल दुसऱ्या फोल्डरात. सेटिंगमध्ये आपला मजकूर मॉडेल शिकवायला वापरू द्यायचा की नाही, याचा पर्यायही शोध आणि तुझ्या मनाप्रमाणे लाव.

शिकणं की कॉपी, हा प्रश्न तू विचारलास याचाच मला आनंद झाला. संध्याकाळी दिवा लागल्यावर बाबांना समोर बसव आणि प्रोग्रॅम ओळीओळीने मालवणीत समजावून सांग. जिथे "ह्यां असाच असता" असं म्हणावं लागेल, ती ओळ तुझी नाही. ती पुसून, सूचना बंद करून, स्वतः पुन्हा लिही. वेळ लागेल, लागू दे. हापूसचं कलम रायवळ खुंटावर बांधतात. खुंटाची मुळं आधी धरलेली असावी लागतात, मगच वरची काडी जीव धरते. मुलाखतीत समोरचा माणूस तुला फळ दाखव म्हणणार नाही, मुळं उकरून बघेल.

चुलतभावाच्या दहापटीबद्दल. २०२५ साली एमईटीआर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला. स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या प्रोजेक्टमधली २४६ कामं, काही एआय वापरून, काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढेच आहे: काम संपल्यावर त्या मंडळींना वाटत होतं की आपण २० टक्क्यांनी लवकर आटपलं. यावरून एआय निरुपयोगी आहे असं ठरत नाही. ती माणसं मुरलेली होती, कोड त्यांच्या हाताखालून गेलेला होता, साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची होती. तुझी गोष्ट वेगळी, तुला कित्येक ठिकाणी तो खरंच वेळ वाचवून देईल. मात्र वेग किती वाढला हे मनाला विचारायचं नाही, घड्याळाला विचारायचं. चाकरमान्याने पुन्हा दहापट म्हटलं तर किती वेळाचे किती झाले, हे त्याला आकड्यात विचार. भांडू नकोस, मोदक खाताना विचार.

आता तुझी फाइल. मी दोनच बदल केले: तारखेचा क्रम आधी दिवस असा केला आणि ते ट्राय-एक्सेप्ट काढून टाकलं. पहिल्या फेरीला प्रोग्रॅम लगेच अडला, कारण एका ओळीत तू ३१ एप्रिल टाइप केलं आहेस. वहीत बघून ते दुरुस्त कर. मी आपलं ३० धरलं. दुसऱ्या फेरीला ऑगस्ट रिकामा झाला, मार्च, एप्रिल, मे एवढेच उरले आणि बेरीज आली ४०९.

वहीत ४१२ आहेत. मी दोनदा चालवून पाहिलं, ओळी मोजल्या, काही गळलेलं नाही. म्हणजे तीन पेट्या वहीत आहेत आणि तुझ्या फाइलीत नाहीत. त्या टाइप करायच्या राहिल्या, की त्यांची पट्टीच कधी आली नाही, हे कोपायलटला विचारून उपयोग नाही. बाबांना विचार. माझा संशय पुण्याच्या गाडीवर आहे.

तुझा,
गुहागरचा काका